नावापुढची खूण : ब्लू टिक काय सांगते, काय सांगत नाही

मागच्या व्याख्यानात आपण शब्दप्रमाणाविषयी बोललो. दुसऱ्याच्या सांगण्यावरून आपल्याला ज्ञान होतं ते केव्हा, आणि ज्याच्या शब्दावर भरवसा ठेवावा असा ‘आप्त’ कोणाला म्हणायचं, असा तो विषय होता. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी विचारलं, “सर, समोर माणूस असेल तर ठीक आहे. पण फोनवर आप्त ओळखायचा कसा?” प्रश्न मोलाचा आहे. आजचं व्याख्यान त्या प्रश्नासाठीच आहे.

सुरुवात एका घटनेने करू. आमचे एक जुने स्नेही आहेत. आयुष्यभर गणित शिकवलं, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. दोन वर्षांपूर्वी शेअर बाजाराचा सल्ला देणाऱ्या एका खात्यावर विश्वास ठेवून त्यांनी सव्वाचार लाख रुपये घालवले. त्यांच्या परवानगीनेच हे सांगतो आहोत. नाव मात्र सांगणार नाही. पैसे गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त लागलं ते घरच्यांचं बोलणं. “एवढा शिकलेला माणूस, आणि असा कसा फसला?” त्यांनी आम्हाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली : “अहो, नावापुढे निळी टिक होती हो. खोटं असेल असं वाटेल तरी कसं?”

हे वाक्य आपण आज नीट तपासणार आहोत. आमचं म्हणणं असं, की त्यांचं अनुमान मूर्खपणाचं नव्हतं. काही वर्षांपूर्वी त्याचा पहिला भाग बरोबरही ठरला असता. मग मधल्या काळात बदललं काय?

खुणा किती प्रकारच्या

फोनवर कोणाचंही खातं उघडून बघा. नाव असतं, फोटो असतो आणि आजूबाजूला काही बारीक चिन्हं असतात. ठिपका, टिक, पदक, रंगीत पट्टी. आपण ती मुद्दाम वाचत नाही. नजर वरून जाते आणि मनात मत तयार होतं. म्हणून आधी या खुणांचे चार गठ्ठे करू या.

पहिला गठ्ठा ओळखीचा. हा माणूस खरोखर तोच आहे, एवढंच ही खूण सांगते. ब्लू टिकचा जन्म यासाठी झाला.

दुसरा गठ्ठा कमाईचा. स्टॅक ओव्हरफ्लो नावाची एक साइट आहे, २००८ साली सुरू झाली. संगणकाचे प्रोग्राम लिहिणारी मंडळी तिथे एकमेकांच्या अडचणी सोडवतात. चांगल्या उत्तराला इतर सदस्य मत देतात, त्याचे गुण साठतात, आणि नावाखाली कांस्य, रौप्य, सुवर्ण अशी पदकं दिसतात. ही खूण माणसाचं खरं नाव सांगत नाही. त्याने इथे काय काम केलं, हे सांगते.

तिसरा गठ्ठा अधिकाराचा किंवा वर्गणीचा. त्याच साइटवर काही नावांपुढे चौकटच्या पत्त्यासारखी खूण असते. त्या व्यक्तीकडे देखरेखीचे अधिकार आहेत, असा तिचा अर्थ. दुसरीकडे कुठे एखादी खूण फक्त ‘याने पैसे भरले आहेत’ एवढंच सांगते.

चौथा गठ्ठा हजेरीचा, म्हणजे खात्याची सध्याची स्थिती सांगणारा. हिरवा ठिपका म्हणजे माणूस आत्ता हजर आहे. नियम मोडल्यामुळे खातं बंद केलं असेल तर नाव-फोटोच्या जागी तसा मजकूर येतो. फेसबुकवर एखादी व्यक्ती गेल्यावर घरच्यांनी कळवलं, तर तिच्या नावाजवळ ‘रिमेंबरिंग’ हा शब्द दिसतो. इथे नुसता रंग न वापरता शब्द वापरला आहे, याकडे लक्ष द्या. सगळ्यांना सगळे रंग सारखे दिसत नाहीत, आणि ज्यांना दिसतच नाही ते पडदा वाचून दाखवणाऱ्या यंत्रावर विसंबतात. म्हणून केवळ रंगावरून अर्थ सांगू नये, सोबत शब्द किंवा आकार असावा, असं वेबसाइट बांधणाऱ्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येच म्हटलेलं आहे.

आता गोंधळ कुठे होतो बघा. गठ्ठे चार, पण चिन्हं तीच तीच. व्हॉट्सॲपवर नोव्हेंबर २०१४ पासून निरोपाखाली दोन निळ्या टिक दिसू लागल्या. त्यांचा अर्थ ‘समोरच्याने वाचलं’. त्यावरून घराघरांत रुसवेफुगवे झाले, ते आपल्याला माहीत आहेत. तोच आकार, तोच रंग दुसऱ्या ठिकाणी नावापुढे आला, की अर्थ पार वेगळा.

आणि आपल्या मनात या आकाराचा एक तिसरा अर्थ आधीपासून बसलेला आहे. शाळेत आपण त्याला ‘बरोबरची खूण’ म्हणायचो. गुरुजींनी वहीत लाल शाईने ती खूण केली, म्हणजे दोन गोष्टी एकदम झाल्या : गणित तपासलं गेलं, आणि ते बरोबर आलं. लहानपणापासून हे दोन अर्थ आपल्या डोक्यात एकमेकांना चिकटलेले आहेत. खात्यापुढच्या टिकने, फार तर, पहिल्या अर्थाची हमी दिली होती. दुसरा अर्थ आपण आपल्या पदरचा जोडला.

धूर, अग्नी आणि ओलं लाकूड

आता जरा आपल्या शास्त्राकडे वळू. घाबरू नका, फार खोल जाणार नाही.

खुणेवरून न दिसणारी वस्तू ओळखणं याला न्यायशास्त्रात अनुमान म्हणतात. जिच्यावरून ओळखायचं त्या खुणेला ‘लिंग’ किंवा ‘हेतू’ म्हणतात. नेहमीचं उदाहरण तुम्हाला ठाऊक आहे : डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. हे अनुमान उभं राहतं ते एका नियमावर. जिथे जिथे धूर, तिथे तिथे अग्नी. या न चुकणाऱ्या साहचर्याला व्याप्ती म्हणतात. व्याप्ती पक्की असेल तरच खूण खरी.

मग शास्त्रकारांनी हे वाक्य उलटं करून बघितलं. डोंगरावर अग्नी आहे, म्हणून तिथे धूर आहे, असं म्हणता येईल का? पटकन ‘हो’ म्हणावंसं वाटतं. चुलीजवळ बसलेल्याला तर वाटेलच. पण लोहाराच्या भट्टीतून काढलेला लालभडक लोखंडाचा गोळा आठवा. त्यात अग्नी आहे, धूर नाही. म्हणजे अग्नीमुळे धूर होतो तो सरसकट नाही. इंधन ओलं असेल तेव्हा होतो. आपण ज्याला नियम समजत होतो, त्याच्या पोटात एक अट लपलेली होती. या लपलेल्या अटीला न्यायशास्त्रात ‘उपाधी’ म्हणतात. अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रह’ या छोट्या ग्रंथात, जो आजही विद्यार्थी सुरुवातीला वाचतात, हेच ओल्या इंधनाचं उदाहरण दिलेलं आहे.

मराठीत या शब्दाची गंमत आहे. पीएच.डी.सारख्या पदवीलाही आपण उपाधी म्हणतो, आणि मागे लागलेल्या कटकटीला ‘नसती उपाधी’ म्हणतो. आमच्या नावामागे डॉक्टर लागलं, तेव्हापासून शेजारचे लोक सर्दीखोकल्याचं औषध विचारायला येतात. त्यांचंही अनुमानच आहे, बरं का. ‘डॉक्टर’ ही खूण, म्हणून औषध माहीत असणार. लपलेली अट अशी, की ती पदवी वैद्यकशास्त्रातली असली पाहिजे.

हे हत्यार हातात घेऊन आमच्या स्नेह्यांचं वाक्य तपासू. त्यांचं अनुमान दोन पायऱ्यांचं होतं. पहिली पायरी : टिक आहे, म्हणून माणूस तोच आहे. दुसरी पायरी : माणूस तोच आहे, म्हणून त्याचं सांगणं विश्वासार्ह आहे. दोन्ही पायऱ्यांच्या पोटात अटी होत्या. पहिलीची अट, की टिक देण्यापूर्वी कोणीतरी ओळख तपासलेली असली पाहिजे. दुसरीची अट, की तो माणूस त्या विषयातला जाणकार आणि सचोटीचा असला पाहिजे.

एका टिकची गोष्ट

पहिल्या पायरीचं काय झालं, याचा इतिहास फार जुना नाही.

२००९ साली अमेरिकेतले बेसबॉलचे नामांकित प्रशिक्षक टोनी ला रुसा यांनी ट्विटरवर खटला भरला. कोणीतरी त्यांच्या नावाने खोटं खातं उघडून भलतंसलतं लिहीत होतं. त्याच वर्षी जून महिन्यात ट्विटरने ‘व्हेरिफाइड’ खात्यांची योजना जाहीर केली. कलाकार, खेळाडू, सरकारी यंत्रणा अशा ज्यांच्या नावाने तोतयेगिरी होऊ शकते, त्यांची ओळख कंपनी तपासायची आणि नावापुढे निळ्या चिन्हात पांढरी टिक द्यायची. ओलं लाकूड तिथे होतं. तपासणारं कोणीतरी होतं.

पण लोकांनी दुसरा अर्थ लगेच जोडला. टिक म्हणजे मोठा माणूस, टिक म्हणजे कंपनीची पसंती. टिक मिळावी म्हणून धडपड सुरू झाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये, शार्लट्सव्हिल इथल्या वंशद्वेषी मोर्चाच्या आयोजकाला टिक मिळाली आणि गदारोळ झाला. तेव्हा कंपनीने स्वतःच मान्य केलं, की ही खूण ओळख पटवण्यासाठी होती, पण लोक ती पाठिंब्याची किंवा मोठेपणाची खूण समजतात. सामान्य लोकांच्या अर्जांवर टिक देणं तेव्हा थांबवलं गेलं, ते २०२१ मध्ये पुन्हा सुरू झालं.

पुढे ऑक्टोबर २०२२ च्या शेवटी इलॉन मस्क यांनी कंपनी विकत घेतली. नोव्हेंबरमध्ये महिना आठ डॉलर भरणाऱ्याला तीच निळी टिक मिळू लागली. आकार तोच, रंग तोच, जागा तीच. ओळखपत्र तपासण्याची अट मात्र उरली नाही. काही तासांतच तोतये उभे राहिले. १० नोव्हेंबरला इन्सुलिन बनवणाऱ्या एली लिली कंपनीच्या नावाने एका टिकवाल्या खात्यावरून जाहीर झालं, की आता इन्सुलिन फुकट मिळणार. ज्यांचा जीव त्या औषधावर अवलंबून आहे, त्यांनी ते वाचलं असेल तर काय वाटलं असेल? खऱ्या कंपनीला खुलासा करून दिलगिरी व्यक्त करावी लागली. योजना तात्पुरती थांबली, आणि १२ डिसेंबरला पुन्हा सुरू झाली. या खेपेस व्यापारी संस्थांना सोनेरी आणि सरकारी खात्यांना करडी टिक द्यायचं ठरलं. भारतात ही वर्गणी फेब्रुवारी २०२३ मध्ये आली, वेबवर महिना ६५० रुपये आणि मोबाइलवर ९००.

२० एप्रिल २०२३ पासून जुन्या, तपासून दिलेल्या टिक काढून टाकायला सुरुवात झाली. मग आणखी विचित्र प्रकार झाला. लेखक स्टीफन किंग यांनी आपण पैसे भरले नसल्याचं जाहीर सांगितलं, तरी त्यांची टिक कायम राहिली. २०२० मध्ये दिवंगत झालेले अभिनेते चॅडविक बोसमन यांच्या खात्यावरही, वर्गणीदार असल्याच्या मजकुरासह, टिक दिसू लागली. म्हणजे ‘पैसे भरले’ एवढा साधा अर्थसुद्धा खात्रीचा राहिला नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये युरोपियन कमिशनने या कंपनीला, आता तिचं नाव एक्स आहे, १२ कोटी युरोंचा दंड केला. त्यामागच्या कारणांत एक कारण होतं ही निळी टिक : तिचं स्वरूपच वापरणाऱ्यांची दिशाभूल करणारं आहे, असं कमिशनचं म्हणणं.

आता न्यायाच्या भाषेत सांगू. धूर तसाच ठेवला आणि खालचा अग्नी बदलला. आमच्या स्नेह्यांनी व्याप्ती शिकली ती जुन्या काळात, वर्तमानपत्रातून. ‘अमक्याच्या खात्याला ब्लू टिक मिळाली’ अशा बातम्या तेव्हा यायच्या. नियम बदलल्याचं त्यांना कोणी घरी येऊन सांगितलं नाही. खूण बदलली असती, जांभळा चौकोन झाला असता, तर ते थबकले असते, चौकशी केली असती. ज्याने अर्थ बदलला आणि रूप मात्र जुनंच ठेवलं, त्याची जबाबदारी आपण फसलेल्यावर टाकतो. हे आम्हाला न्याय्य वाटत नाही.

सोनाराकडची खूण

मग खुणांवर विश्वास ठेवूच नये का? तसं म्हणून चालणार नाही. प्रत्येक गोष्ट स्वतः तपासायला आयुष्य पुरायचं नाही. प्रश्न चांगली खूण कशी ओळखायची, हा आहे.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. आपण सहज म्हणतो, ‘त्यावर शिक्कामोर्तब झालं.’ हा जोडशब्द जुन्या पत्रव्यवहारातून आला. पत्राच्या सुरुवातीला शिक्का, म्हणजे हे कोणाकडून आलं त्याची खूण. शेवटी मोर्तब, म्हणजे मजकूर इथे संपला, याखाली कोणी काही घुसडलं तर ते आमचं नव्हे. खुणेचं राज्य कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, हे दोन्ही त्या लोकांनी बांधून टाकलं होतं. ब्लू टिकला शिक्का होता, मोर्तब नव्हतं. तिची हमी कुठे संपते, हे तिच्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आजचं चांगलं उदाहरण सोन्याचं. दागिन्यावरच्या हॉलमार्कमध्ये तीन गोष्टी असतात : भारतीय मानक ब्यूरोचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धता, म्हणजे बावीस कॅरेटला ९१६, आणि सहा अक्षर-अंकांचा एक क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचं सोनं या सहा अक्षर-अंकी क्रमांकाशिवाय विकता येत नाही. हा क्रमांक प्रत्येक दागिन्याचा वेगळा. ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये तो घातला, की सराफाची नोंदणी, तपासणी केंद्र, शुद्धता ही माहिती समोर येते. म्हणजे खूण स्वतःच सांगते, की माझ्यावर विसंबू नका, मला विचारा. शिवाय ती मर्यादाही पाळते. सोनं किती शुद्ध आहे, एवढंच बोलते. घडणावळ जास्त लावली का, याविषयी गप्प राहते.

पैशाच्या व्यवहारातही अशी सोय आता झाली आहे. सेबीने १ ऑक्टोबर २०२५ पासून नोंदणीकृत शेअर दलाल, म्युच्युअल फंड वगैरेंसाठी खास यूपीआय पत्ते आणले. त्यात ‘व्हॅलिड’ हा शब्द आणि बँकेचं नाव असतं, आणि पैसे पाठवताना हिरव्या त्रिकोणात अंगठ्याची खूण दिसते. संस्था नोंदणीकृत आहे, एवढं ती सांगते. गुंतवणुकीत नफा होईल, असं सांगत नाही. ही दुसरी ओळ विसरू नका, नाहीतर पुन्हा तीच चूक व्हायची.

तीन प्रश्न

म्हणून कोणतीही खूण दिसली, की आपण तीन प्रश्न विचारू या.

एक, ही खूण दिली कोणी, आणि देण्यापूर्वी नेमकं तपासलं काय? ओळखपत्र, काम, की फक्त वर्गणीची पावती?

दोन, खोटं बोलणाऱ्याला ही खूण मिळवायला किती कष्ट पडतील? शेकडो चांगली उत्तरं लिहून मिळालेलं पदक लबाडाला परवडत नाही. महिन्याच्या वर्गणीची टिक सहज परवडते. लाखांवर डोळा असलेल्याला तर ते चहापाणी.

तीन, या खुणेचं मोर्तब कुठे आहे? तिची हमी कुठे संपते? ओळख म्हणजे जाणकारी नव्हे, आणि जाणकारी म्हणजे सचोटी नव्हे. या तीन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. एका खुणेवरून तिन्ही चढायला गेलो, की पाय घसरतो.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. खुणेची खात्री त्याच पडद्यावर करू नका. धुराबद्दल शंका असेल तर धुराकडेच बघत बसून उपयोग नाही. डोंगराच्या दुसऱ्या बाजूने जावं लागतं. संस्थेचं नाव सांगितलं असेल तर सेबीच्या यादीत बघा. बँकेचं सांगितलं असेल तर पासबुकावरच्या नंबरवर फोन करा, समोरच्याने दिलेल्या नव्हे. आणि पैसे गेलेच, तर लाजेने गप्प बसू नका. १९३० हा सायबर फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. तिथे जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त. आमच्या स्नेह्यांनी अकरा दिवस कोणालाच सांगितलं नव्हतं. घरचे काय म्हणतील, या भीतीने. त्या अकरा दिवसांचा हिशेब कुठल्याच खात्यावर दिसत नाही.

हे व्याख्यान आम्ही आधी त्यांना वाचून दाखवलं. ते शांतपणे ऐकत होते. उपाधीचा भाग आला तेव्हा म्हणाले, “म्हणजे रीत बरोबर होती, दिलेली माहिती चुकीची होती.” गणिताच्या शिक्षकाने आमचं तासाभराचं बोलणं एका ओळीत सोडवून टाकलं. मग थोडं थांबून म्हणाले, “पण सर, दिलेली माहिती तपासायला मीच पोरांना शिकवायचो.” ते दोन्ही बरोबर बोलले. ज्याने खुणेचा अर्थ गुपचूप बदलला त्याचा दोष कमी होत नाही, आणि आपलं तपासण्याचं कामही संपत नाही.

पुढच्या वेळी आपण दुसऱ्या पायरीवर बोलू. माणूस तोच आहे हे पटल्यावरही, त्याचं सांगणं मानायचं केव्हा? तोवर एक छोटा अभ्यास करा. आज रात्री फोन हातात घ्याल, तेव्हा समोर येणाऱ्या पहिल्या पाच खुणा कागदावर लिहा आणि प्रत्येकीपुढे आपले तीन प्रश्न मांडा. उत्तर आलं नाही तर जागा मोकळी सोडा. मोकळ्या जागा किती राहिल्या, ते आम्हाला जरूर कळवा.

इथे थांबू या.